१६९३ सालचा विध्वंस आणि सव्वाशे वर्षांनंतरचे छापचित्र : अस्सल कसे ओळखावे, वाचावे कसे?

धंतोलीची वाचक (प्रश्न)

आमच्या घरात लाकडी चौकटीत बसवलेले एक परदेशी छापचित्र आहे. माझ्या सासऱ्यांनी ते सिव्हिल लाइन्समधील एका जुन्या बंगल्याच्या सामानाच्या लिलावात घेतले, एवढेच घरात सांगितले जाते. पावती किंवा पत्र असे काही शिल्लक नाही. यंदा चौकटीची मागची फळी वाळवीने खाल्ली म्हणून चित्र बाहेर काढावे लागले आणि प्रथमच काचेशिवाय, भिंग धरून नीट पाहता आले. त्यातून जे प्रश्न उभे राहिले ते येथे मांडते.

चित्रात एक प्रचंड गोल बुरूज आहे आणि तो वरपासून खालपर्यंत फाकलेला आहे. निम्मा भाग जागेवर उभा असून त्याच्या आतल्या मजल्यांच्या कमानी उघड्या पडल्या आहेत. उरलेला भाग तुकडे न होता एकसंध खाली घसरला आहे आणि खंदकात तिरका टेकून राहिला आहे. बुरुजाच्या माथ्यावर झाडे उगवली आहेत, फुटलेल्या कडेवरून वेली लोंबत आहेत. खंदकाच्या काठावर टोपी घातलेला एक गृहस्थ काठीने बुरुजाकडे बोट दाखवावे तसे दाखवत आहे आणि शेजारी छत्री घेतलेली एक बाई उभी आहे. चित्राखाली जर्मन लिपीत हायडेलबर्ग या जर्मन शहराचे नाव आणि १६९३ हा आकडा स्पष्ट वाचता येतो. डाव्या कोपऱ्यात प्रत्यक्ष पाहून रेखाटल्याचे सांगणारी ओळ आहे, असे जर्मन जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी सांगितले. उजवा कोपरा मात्र कोणीतरी चौकटीच्या मापासाठी कापलेला आहे, त्यामुळे तेथे काही नाव असल्यास ते गेले.

माझा पहिला प्रश्न असा की हे खरोखर धातूच्या प्लेटवरून छापलेले एचिंग आहे की नंतरच्या काळात यंत्रावर काढलेली नक्कल, हे घरच्या घरी कसे ओळखावे? दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. १६९३ हे घटनेचे वर्ष असेल, तर छत्रीवाली बाई आणि बुरुजावर वाढलेली झाडे पाहता चित्र पुष्कळ नंतरचे असले पाहिजे. मग इतक्या काळानंतर एखाद्या चित्रकाराने युद्धात फुटलेला बुरूज एवढ्या मायेने का रेखाटावा? आमचा भाचा म्हणतो की हे युद्धाचे चित्रच नव्हे, सहलीचे आहे. त्याचे म्हणणे मला खोडून काढता आलेले नाही.

प्लेट_आणि_प्रेस

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण नागपुरातच चित्रकला शिकताना मुद्राचित्रणाच्या विभागात हात काळे करून घेतले आहेत आणि आजही एचिंग करतो.

आधी कागदाच्या कडा पाहाव्यात. तांब्याची प्लेट शाई भरून, ओल्या कागदाखाली ठेवून, दोन रुळांच्या प्रेसमधून जबरदस्त दाबाखाली जाते. त्यामुळे चित्राच्या चारी बाजूंना प्लेटच्या कडेचा दाब उमटतो आणि आतला कागद बाहेरच्या कागदापेक्षा किंचित दबलेला राहतो. प्रकाश एका बाजूने तिरका पाडला की ही कड लगेच दिसते. मात्र तेवढ्यावरून निर्णय करू नये. एक तर अशी कड नंतर कोरा ठसा दाबून खोटीही उमटवता येते, आणि दुसरे असे की १८७९ च्या सुमारास व्हिएन्नात कारेल क्लिच याने परिपूर्ण केलेल्या फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीतही, म्हणजे छायाचित्र प्लेटवर उतरवून छापण्याच्या पद्धतीतही, खरी तांब्याची प्लेट आणि खरा दाब असतो.

म्हणून दुसरी पाहणी भिंगाने रेषेची करावी. एचिंगमध्ये चित्रकार प्लेटवर मेणाचा पातळ थर देतो, सुईने तो थर खरवडून तांबे उघडे करतो आणि मग प्लेट आम्लात ठेवतो. तांबे खाण्याचे काम आम्ल करते, हात करत नाही. त्यामुळे एचिंगची रेषा सुईच्या सहज गतीने वळते, तिची जाडी साधारण सारखी राहते आणि तिचे टोक बोथट असते. याउलट थेट तांब्यात धारदार अवजार ढकलून कोरलेली रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली आणि शेवटी निमुळती होत जाते. त्या काळच्या निसर्गदृश्यांत बहुधा दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या जात: झाडांची पाने, ढासळलेले दगड, गवत हे सगळे आम्लाने खाल्लेले आणि आकाशाच्या समांतर रेषा अवजाराने कोरलेल्या. आपल्या चित्रातील वेलींच्या रेषा आणि आकाशातील रेषा यांची तुलना करून पाहावी. जेथे सावली गडद आहे, म्हणजे त्या फुटलेल्या बुरुजाच्या पोटात, तेथील शाई बोटाच्या टोकाला जेमतेम जाणवेल इतकी कागदावर उभी राहिलेली दिसते. हात लावू नये, तिरक्या उजेडात डोळ्यांनीच पाहावे. गडद सावल्यांत रेषांऐवजी बारीक कणांचे दाणेदार जाळे दिसले तर तेथे अ‍ॅक्वाटिंट वापरले आहे, असे समजावे. राळेची भुकटी प्लेटवर भाजून मग आम्ल दिले की असा पोत येतो. पण संपूर्ण चित्र एकसारख्या ठिपक्यांच्या रांगांचे बनलेले दिसले, तर ते १८८० नंतरच्या हाफटोन पद्धतीने छापलेले पान आहे आणि त्याला एचिंग म्हणता येणार नाही.

आता कागद. तो उजेडासमोर धरावा. समांतर रेघांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीच्या साच्यावर काढलेला हातकागद. जाळी नसेल आणि कागद सर्वत्र सारखा, मऊ व दुधी असेल तर तो वोव्ह कागद. हा प्रकार इंग्लंडात १७५७ मध्ये एका छापील ग्रंथात पहिल्यांदा वापरात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छापचित्रांसाठी सर्रास पसरला. चिंध्यांपासून केलेला असा कागद दोनशे वर्षांनीही लवचिक राहतो. लाकडाच्या लगद्याचा कागद १८४० च्या दशकानंतरचा असतो आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पापडासारखा कडकडीत होतो, हे वेगळे सांगायला नको.

रेषा अतिशय बारीक, राखाडी आणि थंड वाटल्या तर प्लेट तांब्याची नसून पोलादाची असू शकेल. तांबे मऊ असते; काही शे प्रती काढल्या की बारीक रेषा बुजू लागतात. १८२० च्या दशकापासून पोलादी प्लेटा वापरात आल्या आणि हजारो प्रती काढणे शक्य झाले. त्यामुळे प्रवाशांसाठीच्या चित्रमालिका स्वस्त झाल्या, आणि त्याच काळातील चित्रांत माणसे छत्र्या घेऊन भग्नावशेष पाहताना अधिक दिसू लागतात, असे माझे निरीक्षण आहे.

आणखी एक गमतीची तपासणी आहे. प्लेटवरील चित्र कागदावर उलटे उमटते. अनुभवी कारागीर आरशात पाहून उलटे कोरत असत, म्हणून छाप सुलट येई. घाईत काम केलेल्यांची चित्रे मात्र उजवीची डावी होत. या बुरुजाचे हल्लीचे छायाचित्र शोधून घसरलेला तुकडा कोणत्या बाजूला आहे ते ताडून पाहावे. कापलेल्या उजव्या कोपऱ्याची हळहळ अशासाठी वाटते की प्रघाताप्रमाणे डाव्या कोपऱ्यात रेखाटणाऱ्याचे आणि उजव्या कोपऱ्यात प्लेट करणाऱ्याचे नाव असते. म्हणजे गेला तो कारागीर. चौकटवाल्यांनी असे किती कारागीर कात्रीने पुसले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

महाल_इतिहासवाचक

चित्रातील बुरूज ओळखायला अवघड नाही. हायडेलबर्गच्या किल्लेवजा राजवाड्याच्या आग्नेय कोपऱ्यावरील हा बुरूज पंधराव्या शतकातील असून त्याच्या तळाशी दारूगोळा ठेवला जात असे. भिंतीची जाडी सुमारे साडेसहा मीटर. तो फुटला १६९३ मध्ये, तेव्हा चित्राखालचा आकडा घटनेचा आहे यात शंका नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाचा (राजधानी हायडेलबर्ग) अधिपती दुसरा कार्ल १६८५ मध्ये निपुत्रिक वारला आणि त्या घराण्याची शाखा संपली. त्याची बहीण एलिझाबेथ शार्लोट ही फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या धाकट्या भावाला दिलेली होती. लुईने भावजयीच्या नावाने वारसाहक्क सांगितला आणि १६८८ च्या शरद ऋतूत फौजा घुसवल्या. युरोपातील इतर सत्ता एकवटू लागल्यावर, आपल्याला टिकवता येणार नाही तो मुलुख शत्रूच्याही उपयोगी पडू नये, असे धोरण लुई आणि त्याचा युद्धमंत्री लूव्हा यांनी ठरवले. १६८९ मध्ये मानहाइम, स्पायर, वर्म्स ही शहरे जाळली वा पाडली गेली. हायडेलबर्गचा राजवाडा २ मार्च १६८९ रोजी पेटवला गेला आणि बरीच तटबंदी सुरुंगांनी उडवली गेली. मधल्या काळात थोडी डागडुजी झाली. पण मे १६९३ मध्ये फ्रेंच पुन्हा आले, शहर जवळजवळ संपूर्ण जाळले आणि सप्टेंबरमध्ये उरलेल्या बुरुजांखाली सुरुंग लावले. पॅरिसमध्ये हायडेलबर्ग नष्ट झाल्याचे सांगणारे पदकही पाडण्यात आले. जिच्या नावाने हे सर्व झाले त्या एलिझाबेथ शार्लोटने व्हर्सायमध्ये बसून आपल्या माहेरच्या विध्वंसाबद्दल पत्रांतून किती आकांत केला आहे, तो मुळातून वाचण्यासारखा आहे.

बुरुजाचा निम्मा भाग एकसंध का घसरला, याचे कारण त्या जाडीत आहे. सुरुंग लावणारे भिंतीच्या पायाशी पोकळी खणत, तीत दारूची पिंपे भरत, तोंड माती-दगडांनी घट्ट बुजवत आणि मग वात पेटवत. स्फोटाचा जोर सर्वांत कमी अडथळ्याच्या दिशेने, म्हणजे येथे खंदकाच्या बाजूने बाहेर पडला. पातळ भिंत असती तर चुरा झाला असता. साडेसहा मीटरचे बांधकाम चुऱ्यात जाण्याऐवजी सांध्यावर फाटले आणि अर्धे दंडगोल सरळ खाली सरकले. आपण वर्णन केलेला तिरका तुकडा आजही त्याच जागी आहे.

आता दुसरा प्रश्न, की नंतर सव्वाशे वर्षांनी कोणी ते का रेखाटावे. चित्रात दिसणारे सगळेच युद्धाने केलेले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १६९३ नंतर राजवाडा पुन्हा राहता करण्याचे प्रयत्न झाले. परंतु अधिपती कार्ल फिलिप याचे शहरातील प्रॉटेस्टंट रहिवाशांशी मुख्य चर्चवरून बिनसले आणि त्याने १७२० मध्ये राजधानी मानहाइमला हलवली. पुढे कार्ल थिओडोर परत येण्याच्या विचारात असताना जून १७६४ मध्ये राजवाड्यावर वीज पडली, आग लागली आणि बेत बारगळला. त्यानंतर लोकांनी बांधकामासाठी तेथील दगड नेले. म्हणजे त्या छापचित्रातील उघड्या कमानी, वेली, झाडे, ढासळलेल्या कडा यांत फ्रेंच सुरुंग, आभाळातील वीज, राज्यकर्त्याची नाराजी आणि शेजाऱ्यांचे घरबांधणीचे काम असे चौघांचे हात आहेत. चित्राखाली मात्र एकच साल लिहिले आहे. ते साल निवडणे हीच चित्रकाराच्या किंवा प्रकाशकाच्या काळाची भूमिका होती: १७९० च्या दशकापासून फ्रेंच फौजा पुन्हा ऱ्हाइन ओलांडत होत्या, १८०६ मध्ये जुने जर्मन साम्राज्य संपले, आणि नेपोलियनच्या काळात जर्मन वाचकाला १६९३ ची आठवण करून देण्यात अर्थ होता. त्याच दशकात आर्निम आणि ब्रेंटानो यांच्यासारखे कवी हायडेलबर्गला राहून लोकगीते जमवत होते. जर्मन कवी गटेने तर त्याआधीच, १७७९ मध्ये, हा फुटका बुरूज रेखाटला होता.

सर्वांत विलक्षण गोष्ट पुढची आहे. या भग्नावशेषांना चित्रांतून युरोपभर पोहोचवणारा माणूस फ्रेंच होता. शार्ल द ग्रेमबर्ग हा फ्रेंच राज्यक्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या सरदार घराण्यातील. १८१० मध्ये हायडेलबर्गला आला तो चित्रे काढण्यासाठी, आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. दगड पळवणाऱ्यांपासून त्याने राजवाड्याची स्वतःहून राखण केली, अवशेषांची रेखाटने केली, त्यांवरून कारागिरांकडून प्लेटा करून घेतल्या आणि प्रती विकल्या. १८१७ च्या नोव्हेंबरात आपल्या सीताबर्डीच्या टेकडीभोवती भोसल्यांची आणि कंपनीची फौज लढत होती, त्या सुमारास हा गृहस्थ १६९३ च्या दगडांचा पहारा करत बसला होता. आपले चित्र त्याचेच आहे असा दावा मी करत नाही, कारण हा बुरूज पुष्कळांनी रेखाटला. पण ते ज्या लाटेतील आहे ती लाट प्रामुख्याने त्याने उठवली.

खामल्याहून

इतिहासवाचकांचे विवेचन उत्तम आहे, तरीही प्रश्नकर्त्या ताईंच्या भाच्याचा मुद्दा त्यात हाताळला गेला नाही, असे मला वाटते. चित्रात युद्ध कोठे आहे, हे त्याने विचारले आणि ते विचारलेच पाहिजे.

युद्धाची दोन-तीन प्रसिद्ध छापचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. लोरेनचा जाक कालो याने १६३३ मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांची १८ एचिंग केली. त्यांत घरे लुटणारे शिपाई आहेत, शेतकऱ्यांनी घेतलेला सूड आहे आणि एकाच झाडाला लटकवलेली माणसांची रांग आहे. डच चित्रकार रोमेन द होग याने १६७२ च्या फ्रेंच स्वारीतील अत्याचार त्याच काळात एचिंगमध्ये काढले, त्यांत प्रचाराचा भाग भरपूर आहे, पण माणसे आहेत. स्पॅनिश चित्रकार गोयाने १८१० ते १८२० या काळात केलेल्या प्लेटांमध्ये तर बहुतेक वेळा पार्श्वभूमीही रिकामी सोडली आहे, केवळ देह उरतो. हे तिघेही आपापल्या काळाचे युद्ध काढत होते. गोयाच्या त्या प्लेटा त्याच्या हयातीत प्रसिद्धच होऊ शकल्या नाहीत. पहिली आवृत्ती १८६३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी निघाली. ताईंच्या चित्रातील बुरूज त्याच दशकांत छापला जाऊन दिवाणखान्यांत टांगला जात होता. जे युद्ध ताजे होते त्याची प्लेट पेटीत राहिली आणि जे सव्वाशे वर्षे जुने होते त्याच्या प्रती विकल्या गेल्या, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरे असे की हायडेलबर्गमध्ये १६९३ साली सर्वांत जास्त होरपळले ते शहर. राजवाडा हा एका घराण्याचा निवारा. खाली नदीकाठी हजारो लोकांचा संसार होता, तो जळाला. जुन्या शहरातील नामांकित घरांपैकी १५९२ मध्ये बांधलेले रिटर हे एक घर वाचले, ते आजही दाखवतात. मग त्या जळालेल्या शहराची रोमँटिक काळातील एचिंग का दिसत नाहीत? कारण रेखाटायला तेथे काही उरले नव्हते, आणि उरले नव्हते ते लोकांनी शहर पुन्हा बांधले म्हणून. जुन्याच रस्त्यांवर, जुन्याच पायांवर अठराव्या शतकात नवी घरे उभी राहिली. बेकरीवाल्याला, चांभाराला मानहाइमला नवा राजवाडा बांधून निघून जाण्याची सोय नव्हती. त्याला पावसाळ्याआधी छप्पर घालावेच लागले. राजा गेला म्हणून राजवाडा पडीक राहिला आणि पडीक राहिला म्हणून तो युद्धाचे प्रतीक झाला. चित्रकाराने खोटे काही काढले नाही, पण युद्धाच्या नुकसानीचा जो हिस्सा त्याच्या प्लेटवर आला तो सर्वांत कमी गरजू मालकाचा होता, असे म्हणावे लागते.

आपल्याकडेही महालातील भोसल्यांचा जुना वाडा जळाल्याची नोंद १८६४ ची सापडते आणि नगारखान्याच्या दाराविषयी लोक आवडीने बोलतात. सीताबर्डीच्या लढाईत ज्यांची घरे गेली असतील त्यांच्याविषयी बोलायला दगडच नाहीत. हे विषयांतर झाले, येथेच थांबवतो.

ताई, चित्रातील ते जोडपे नीट पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. काठीने दाखवणारा गृहस्थ स्थानिक असून पाहुणीला माहिती देत असेल, तर त्याच्या मागे, नदीच्या बाजूला, शहराची छपरे काढली आहेत का?

महाल_इतिहासवाचक

खामल्याच्या मित्रांचा शहराविषयीचा मुद्दा मी संपूर्ण मान्य करतो आणि तो मला अधिक आधी मांडता आला असता तर बरे झाले असते, इतका तो मोलाचा आहे. परंतु दिवाणखान्यात टांगलेले चित्र म्हणजे निरुपद्रवी चित्र, हा त्यातला ध्वनी मला पटत नाही. या छापचित्रांनी एक प्रत्यक्ष काम केले. त्यांच्यामुळे हायडेलबर्गचे अवशेष हे जतन करण्यासारखे आहेत, ही कल्पना सरकारदरबारी आणि लोकांत रुजली. पुढे उलटा प्रश्न उभा राहिला: अवशेष इतके लाडके झाले की ते पुन्हा पूर्ण बांधावेत, अशी मागणी होऊ लागली. १८९१ मध्ये एका तज्ज्ञ समितीने पूर्ण पुनर्बांधणी शक्य नाही, आहे ते टिकवावे, असा निर्वाळा दिला. तरीही १६०७ मध्ये पूर्ण झालेल्या फ्रीडरिश इमारतीचे नूतनीकरण १९०० च्या आसपास झालेच. त्यावर कलेतिहासकार गेओर्ग देहिओ यांनी १९०१ मध्ये कडाडून टीका केली. जुने ते सांभाळावे, त्याच्या नावाने नवे उभारू नये, ही त्यांची भूमिका पुढे जर्मनीत वास्तुजतनाचे सूत्र ठरली. फुटका बुरूज आजही फुटकाच आहे, कोणी तो सांधला नाही, याचे श्रेय थोडेफार ताईंच्या भिंतीवरील चित्रासारख्या चित्रांकडे जाते. बुरूज जोडून टाकला असता तर १६९३ मध्ये काय झाले हे सांगायला केवळ खालची ओळ उरली असती.

राजवाड्याच्या मालकाविषयी मला सहानुभूती नाही, हे मात्र जाताजाता नोंदवतो. मानहाइमचा त्यांचा नवा राजवाडा युरोपातील सर्वांत मोठ्या राजवाड्यांपैकी एक आहे. त्याच्या खर्चाचा भार कोणावर पडला असेल, हे सांगण्याची गरज नाही.

धंतोलीची वाचक

सर्वांचे आभार. आपण सांगितल्याप्रमाणे सकाळच्या तिरक्या उन्हात पाहिले. प्लेटच्या कडेचा दाब तिन्ही बाजूंनी स्पष्ट आहे. चौथी बाजू कापली गेली आहे. वेलींच्या रेषांची टोके बोथट आहेत, आकाशातील रेषा निमुळत्या आहेत आणि बुरुजाच्या पोटातील काळोखात बारीक दाणेदार जाळे आहे. उजेडासमोर कागदात रेघांची जाळी दिसत नाही, तो मऊ आहे. उजव्या-डाव्याची बाजू हल्लीच्या छायाचित्राशी जुळते.

खामल्याहून लिहिणाऱ्या दादांच्या प्रश्नाचे उत्तर : हो, छपरे आहेत. गृहस्थाच्या कोपराखाली, नखाएवढ्या जागेत, एक चर्चचे टोक आणि सात-आठ छपरे आहेत. दोन धुराड्यांतून धूर निघतो आहे. भाच्याला दाखवले, तेव्हा तो म्हणाला की मग हे सहलीचे चित्र असले तरी स्वयंपाक चालू असलेल्या गावातले आहे.

आता व्यवहाराचे विचारते. चित्र पुन्हा चौकटीत कसे बसवावे? दुकानदार लॅमिनेशन सुचवतो. कागदावर तपकिरी ठिपके आहेत आणि मागे जुनी चिकटपट्टी आहे.

प्लेट_आणि_प्रेस

लॅमिनेशन कदापि करू नये. ते केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. आपण दिलेल्या खुणांवरून हे एचिंग, कोरीव रेषा आणि अ‍ॅक्वाटिंट या तिन्हींचा मेळ असलेले, तांब्याच्या प्लेटवरून वोव्ह कागदावर काढलेले छापचित्र आहे, असे मी म्हणेन. एकोणिसाव्या शतकाचा पहिला तिसरा भाग हा अंदाज याला शोभतो.

तपकिरी ठिपके ओलसरपणा आणि कागदातील अशुद्धी यांमुळे येतात. घरी ब्लीच किंवा लिंबू लावण्याचे प्रयोग करू नयेत. चिकटपट्टी ओढून काढू नये, तिच्याबरोबर कागदाचा थर निघतो. ती आणि ठिपके ही दोन्ही कामे कागदाचे संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडेच सोपवावीत. आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, चौकशी केल्यास असा जाणकार कोठे भेटेल याची दिशा मिळण्याची शक्यता आहे.

चौकटीसाठी मागे आणि पुढे दोन्हीकडे आम्लरहित पुठ्ठा घ्यावा, काच आणि चित्र यांच्यात पुठ्ठ्याच्या खिडकीइतके अंतर ठेवावे आणि चित्र चारी बाजूंनी चिकटवू नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या खळीने लावून लोंबते ठेवावे, म्हणजे ऋतूप्रमाणे कागदाला फुगायला आणि आकसायला जागा राहते. कापलेली कड दिसते म्हणून आणखी कापून सरळ करू देऊ नये, खिडकीत तीही दिसू द्यावी. नागपूरकरांनी एक गोष्ट विशेष सांभाळायची असते. मे महिन्यात आपण कूलर लावतो, तो ज्या भिंतीवर ओली हवा फेकतो त्या भिंतीवर किंवा त्याच्या समोर कागदाचे चित्र टांगू नये; सकाळी भट्टी आणि रात्री दमट, अशा चढउतारात कागदाला सुरकुत्या पडतात आणि पावसाळ्यात त्याच जागी बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीपेक्षा घराच्या आतली, पश्चिमेच्या उन्हापासून दूर असलेली भिंत निवडावी, चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी आणि कसर लागली नाही ना, हे वर्षातून एकदा चौकट उतरवून पाहावे. जुनी वाळवी लागलेली फळी घरात ठेवू नये, आणि टाकण्याआधी तिच्या मागे लिलावाची चिठ्ठी किंवा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक आहे का तेवढे पाहून घ्यावे.